प्रश्न लहान करत जाणं

मुलाच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर सगळ्यात कमी मजकूर होता. आधीची पानं निरीक्षणांनी भरलेली. नावाने हाक मारली की वळून पाहतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, बाहुलीला खोटं खोटं झोपवतो का, कशाला किती गुण. मग ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ हे नाव, त्यापुढे ‘लेव्हल 2’, आणि शेवटी शिफारशी म्हणून मोजक्या ओळी: स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, पालकांचं समुपदेशन. पान उलटून मागे काही लिहिलंय का, तेही मी पाहिलं.

डॉक्टर नीट बोलल्या होत्या. भरपूर वेळ दिला होता, घाई केली नव्हती. तक्रार करावी असं काहीच नव्हतं. पण ‘याला नेमकं काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर त्या कागदांत होतं आणि त्याच संध्याकाळपासून जे प्रश्न सुरू झाले त्यांचं नव्हतं. बोलेल का? शाळेत जाईल का? असं का झालं? आमच्यामागे याचं काय? जो जाणकार भेटला त्याने या सगळ्यांना एकच उत्तर दिलं, ‘आत्ताच सांगता येणार नाही.’ ते खरं होतं. खरं उत्तर इतकं निरुपयोगी असू शकतं, याचा अनुभव मला तोवर नव्हता.

नवऱ्याचा आक्षेप निराळाच होता. ‘रक्त तपासलं नाही, स्कॅन काढला नाही, नुसतं खेळताना बघून कसं काय सांगतात?’ तो हेकट माणूस नाही. त्याला खोडून काढता येईल असा एखादा आकडा हवा होता, आणि ऑटिझमच्या बाबतीत तसा आकडा नसतोच. निदान होतं ते वागण्यावरून आणि जन्मापासूनच्या वाढीच्या माहितीवरून. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली निकष नव्याने मांडले, तेव्हा दोन गोष्टी धरल्या: माणसांशी संवाद साधताना, नातं जोडताना येणाऱ्या अडचणी, आणि वागण्यातला, आवडीनिवडींतला तोचतोपणा. आवाज, उजेड, स्पर्श अतोनात झोंबणं किंवा जाणवायलाच न लागणं, हे त्या निकषांत स्पष्टपणे आलं ते याच वेळी. म्हणजे कित्येक दशकं डॉक्टरांसमोर मुलं कानांवर हात दाबून बसत होती आणि ते हात निदानाच्या यादीत मोजले जात नव्हते.

त्याच यादीत पातळ्या आल्या. लेव्हल 1, 2, 3. पुष्कळांना ती बुद्धीची किंवा ‘गंभीरपणाची’ पट्टी वाटते. प्रत्यक्षात माणसाला किती आधार लागेल एवढंच ती सांगते, आणि तेही त्या दिवशी, त्या खोलीत दिसलं तेवढ्यावरून. आमचा मुलगा स्वतःच्या खोलीत असताना कुणी भेटायला आलं, तर निदानावर शंका घेऊन जाईल. तोच मुलगा गर्दीच्या वेटिंग रूममध्ये, डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणत असताना पाहिला, तर दोन पातळ्या वर चढवेल.

तरीही त्या यादीचे उपकार आहेत. चाकं फिरवत बसणं, टाचा उचलून चालणं, एकच दार उघडबंद करत राहणं, या गोष्टी आम्ही सुट्या सुट्या पाहत होतो. त्या एकाच घरच्या आहेत हे पहिल्यांदा कळलं. साधारण वर्षाची झाली की मुलं बोट दाखवू लागतात. आधी मागण्यासाठी, आणि मग नुसतंच दाखवण्यासाठी: तो बघ पक्षी, तू पण बघ. आमच्याकडे ते बोट आलंच नाही. तो आमचं मनगट धरायचा आणि आमचा हात कपाटाच्या मुठीवर नेऊन ठेवायचा. मला ते फार लाडाचं वाटायचं. अजूनही वाटतं.

लोकांनी काय काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. मुलगे उशिराच बोलतात, मोबाईल बंद करा, दुसरं मूल होऊ द्या. ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आलाय त्यांना ही यादी पाठ असते. धीर देण्यासाठी कुणीतरी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाजही सांगितला, की जगात साधारण 127 माणसांमागे एक जण ऑटिस्टिक असतो. म्हणजे तुम्ही एकटे नाही. त्या संध्याकाळी मुलगा अंघोळीच्या नावाने किंचाळत होता आणि उरलेल्या एकशे सव्वीस जणांचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

‘असं का झालं’ या प्रश्नाने माझी बरीच रात्र खाल्ली. त्यात मी एकटी नव्हते, हे मात्र वाचनातून कळलं आणि त्याने खरोखर धीर आला, कारण या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो आयांच्या बाजूचा नाही. 1943 साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने अकरा मुलांचं वर्णन छापलं, तिथून ऑटिझम हे स्वतंत्र निदान धरलं जाऊ लागलं. ही मुलं जन्मतःच अशी आहेत, असं कॅनरने त्याच लेखात म्हटलं होतं. पण त्यांच्या आईबापांत मायेची ऊब फारशी दिसत नाही, असंही एक निरीक्षण त्याने नोंदवलं होतं. पुढची दोनएक दशकं लोकांनी नेमकं तेच उचललं. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द प्रचारात आला. थंड आईमुळे मूल आत मिटून जातं, तेव्हा मुलाला आईपासून दूर ठेवा, असं ब्रूनो बेटलहाइमसारखे मोठ्या नावाचे लोक ठामपणे सांगत राहिले. त्या काळातल्या आया मुलाला दाखवायला घेऊन जात आणि स्वतःच्या तपासणीला बसत.

हे मोडून काढायला पालकच पुढे आले. बर्नार्ड रिमलंड हा मानसशास्त्रज्ञ, त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक. ऑटिझमचं मूळ मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या स्वभावात नाही, असं त्याने 1964 साली पुराव्यांनिशी मांडलं. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग ही मानसोपचारतज्ज्ञ, तिची मुलगी ऑटिस्टिक. 1962 साली तिकडे पालकांनी संघटना काढली तिच्या संस्थापकांत ती होती, आणि ‘स्पेक्ट्रम’ ही कल्पना रुजवण्यात तिचा वाटा मोठा. 1977 साली सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी 21 जुळ्या जोड्यांचा अभ्यास छापला. एकसारख्या जुळ्यांत दोघंही ऑटिस्टिक असण्याचं प्रमाण वेगळ्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं, आणि आनुवंशिकतेचा धागा हाती आला. आज यात अनेक जनुकांचा हात असतो हे मान्य आहे, पण एकट्या मुलाकडे बोट दाखवून ‘हे या कारणाने’ असं बहुतेक वेळा सांगता येत नाही.

लसीचं तेवढं सांगून टाकते, कारण तो विषय निघतोच. 1998 साली बारा मुलांवरच्या ज्या लेखामुळे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीबद्दल भीती पसरली, तो लेख छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला आणि मुख्य लेखकाचा डॉक्टरकीचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासून 2019 साली निष्कर्ष छापला, की संबंध नाही. मला हे लग्नसमारंभात उभ्याउभ्या सांगावं लागलंय, म्हणून आता पाठ आहे.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट भेटली ती मात्र बरोबर राहिली. कॅनरच्या अकरा मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. त्याच्या वडिलांनी कॅनरला पाठवलेलं पत्र तेहतीस पानी होतं, टाइप केलेलं. मुलगा काय खातो, काय मोजतो, कोणते शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, भांडी कशी गरगरा फिरवतो, कशाने चिडतो. कॅनरच्या नोंदींत त्या पत्रातला मजकूर सरळ उतरलेला आहे. म्हणजे ज्या निदानाच्या नावाने आयाबापांना पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, ते निदान एका बापाच्या बारीक नजरेवर उभं होतं. त्या पत्रात ‘का’ फारसा नाही. काय, केव्हा, किती वेळ, हेच आहे.

आम्हाला ती नजर शिकवली एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने. पहिल्या भेटीत तिने मुलाला काहीच करायला लावलं नाही. आम्हालाच विचारलं, ‘आठवड्यातली सगळ्यात अवघड वेळ कोणती?’ आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, डोक्यावरून अंघोळ. ती म्हणाली, ‘त्यातलं नक्की काय?’ आणि आम्ही गप्प. अंघोळ म्हणजे अंघोळ. तिने पोटप्रश्न काढले. बाथरूमच्या दारात रडू सुरू होतं की पाणी अंगावर पडल्यावर? डोळे मिटतो की कान? पाणी वरून पडतं तेव्हा जास्त की मगने ओततो तेव्हा? साबणाचा वास बदलून पाहिलात? दिवा कुठला आहे? संपणार केव्हा हे त्याला कळतं का? ‘आठवडाभर काही बदलू नका,’ ती म्हणाली. ‘फक्त लिहा.’

लिहिलं. कान. कान तो पाणी पडायच्या आधीच झाकत होता, बाथरूमचा दिवा लावला की लगेच, कारण त्याच बटणावर एक्झॉस्ट पंखा होता. आम्हाला तो पंखा ऐकूच येत नव्हता. इलेक्ट्रिशियनकडून पंख्याची वायर वेगळी करून घेतली आणि निम्मं रडं गेलं. उरलेलं निम्मं ‘हे कधी संपणार’ या भीतीचं होतं. त्यासाठी मग मोजायला सुरुवात केली: दहा मग, मोठ्याने मोजून, अकरावा कधीच नाही. अकरावा कधीच नाही हे फार महत्त्वाचं. एकदा आत्याने कौतुकाने ‘अजून एक’ म्हणून ओतला, त्याची किंमत पुढे पंधरवडाभर सगळ्यांनी मोजली.

असं मी लिहिलं की वाटेल, सगळंच असं सुटत गेलं. केस कापणं सुटलेलं नाही. ते अजूनही तो गाढ झोपला की होतं, एका बाजूचे आज, दुसऱ्या बाजूचे दोन दिवसांनी, आणि मधले दिवस तो तसाच फिरतो. पण प्रश्नाचा आकार बदलला, हे खरं. ‘हा नॉर्मल होईल का’ या प्रश्नावर जगातला एकही माणूस आम्हाला मदत करू शकत नव्हता. ‘एक्झॉस्ट पंख्याचं काय करू’ या प्रश्नावर इलेक्ट्रिशियनही करू शकत होता. आधार शोधत आम्ही खूप वणवण केली, आणि तो मिळू लागला तेव्हा लक्षात आलं, की मागणं आधी नेमकं करावं लागतं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे पुष्कळ असतात, ते खोटं बोलत नसतात. काय सांगायचं ते आपल्यालाच माहीत नसतं.

थेरपी निवडताना हे फार कामी आलं. या क्षेत्रात चांगली माणसं आहेत, तशी भीतीवर पोट भरणारीही आहेत. निदान झालेल्या घराचा वास त्यांना लांबून येतो. शरीरातली जड धातूंची विषं काढणारं चिलेशन, दाबाखालचा ऑक्सिजन, मूलपेशींची इंजेक्शनं, ब्लीचच्या जातीचं द्रावण प्यायला देणं, यातलं काहीही ऑटिझमवरचा सिद्ध झालेला उपचार नाही. काही प्रकार तर जिवावर बेतणारे आहेत आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्याबद्दल उघड इशारे दिलेले आहेत. हे ओळखायला सोपे. अवघड जातं ते रीतसर वाटणाऱ्या गोष्टींचं. 1987 साली इव्हार लोव्हास या मानसशास्त्रज्ञाचा एक अभ्यास छापून आला, आठवड्याला 40 तास वर्तनप्रशिक्षण दिलेल्या छोट्या गटातली जवळपास निम्मी मुलं पुढे शाळेत इतरांसारखी चालली असं सांगणारा. तो चाळीसचा आकडा आजही पालकांच्या मानेवर बसलेला आहे. त्या पद्धतीत सुरुवातीच्या काळात ओरडणं आणि मारणंही होतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. आजची पद्धत पुष्कळ बदललीय असं ती वापरणारे म्हणतात, आणि लहानपणी तिच्यातून गेलेले कितीतरी ऑटिस्टिक प्रौढ तिच्याबद्दल रागाने बोलतात. मी दोन्ही बाजूंचं ऐकते. माझी कसोटी एकच: मूल ‘नको’ म्हणतं तेव्हा तुम्ही काय करता, हे मी थेरपिस्टला विचारते. उत्तरात ‘नको’ कसं बंद करायचं ते आलं की आम्ही उठतो.

‘नको’ म्हणता येणं आमच्याकडे टॅब्लेटवर आलं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारला जातो, तसं ॲप. घरात सगळ्यांना भीती, हे दिलं तर तो तोंडाने बोलायचाच नाही. माझीही होती. स्पीच थेरपिस्टने समजावलं, की यावर अभ्यास झालेले आहेत आणि अशा साधनांनी बोलणं अडत नाही, काहींचं तर थोडं वाढतं. ‘पाणी’, ‘हवं’, ‘बाहेर’ असे शब्द आम्ही प्रेमाने पुढे मांडून ठेवले. त्याने पहिल्यांदा स्वतःहून दाबलेला शब्द ‘बंद’. टीव्ही बंद. मिक्सर बंद. मग मावशी त्याच्यासमोर बसून त्याच्याचविषयी माझ्याशी बोलत होती, तर तिच्याकडे बघून ‘बंद’. मावशी दुखावली. मी हसू दाबत होते. इतकी वर्षं या मुलाचं म्हणणं काय असेल याचे अंदाज बांधत होतो, आणि ते एवढं स्पष्ट निघालं.

पालकांच्या गटाबद्दल लिहायला हवं. पहिला गट मला मानवला नाही. तिथे एक तर कुणाचं दुःख जास्त याची चढाओढ, नाही तर कुणाचं मूल किती पुढे गेलं याची. घरी येऊन मी जास्त दमायचे. दुसरा गट लहान होता, आणि तिथला अलिखित नियम होता की प्रश्न आणायचा, कैफियत नंतर. दात घासू देत नाही. रात्री तीनला उठतो आणि हसत बसतो. आजोबा गेले हे कसं सांगू. मग चार जण आपापलं सांगत. बरेचसे उपाय दुसऱ्या घरात चालत नसत, पण कुठे पाहायचं ते कळे. इथेच एकीने सांगितलं, की सगळे विचारतात ‘कसा आहे तो’, तेव्हा मी म्हणते, ‘शनिवारी दुपारी दोन तास त्याच्याजवळ बसशील का?’ विचारणारे निम्मे गळतात आणि राहिलेले निम्मे आयुष्यभराचे होतात. मी हे करून पाहिलं. माझी एक मैत्रीण त्या राहिलेल्यांतली. ती त्याला काही शिकवत नाही, खेळवत नाही, बाजूला बसून स्वतःचं वाचते. तो तिला सहन करतो, मग कधीतरी येऊन टेकतो. मी तेवढा वेळ झोपते. ऑटिझमवरच्या कुठल्याही पुस्तकात आईच्या झोपेवर निदान एक प्रकरण हवं असं माझं मत आहे.

त्या गटात अधूनमधून एक ऑटिस्टिक बाई यायच्या. मोठेपणी निदान झालेल्या, नोकरी करणाऱ्या. त्यांनी एकदा सहज सांगितलं, ‘समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की मला ऐकू येत नाही. ऐकायचं असेल तर मी खाली बघते.’ खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. आम्ही सगळेच आपल्या मुलांना ‘इकडे बघ, माझ्याकडे बघ’ म्हणत होतो. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, 2012 साली मांडलं, की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही असं म्हणणारे एकच बाजू बघतात. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही. अडचण दोघांच्या मध्ये असते आणि खापर एकावर फुटतं. त्याआधी 1993 मध्ये टोरांटोच्या एका परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना सुनावलं होतं, की तुम्ही ज्याच्यासाठी रडता ते मूल कधी जन्मलंच नव्हतं. जे जन्मलंय ते समोर आहे आणि त्याला तुमची गरज आहे. मला ते वाचून राग आला होता. रडायचंही नाही का? राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण मुलासमोर रडायचं मी थांबवलं.

इथे एक वाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. त्या बाई बोलत होत्या तेव्हा मागे बसलेला एक बाप पुटपुटला, ‘यांना एवढं बोलता येतं, यांना माझ्या पोराचं काय कळणार?’ त्याचा मुलगा वीस वर्षांचा, एक शब्द नाही, स्वतःच्या डोक्यावर मारून घेतो. 2021 साली ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या अभ्यासगटाने सुचवलं, की ज्यांना चोवीस तास मोठ्या माणसाची गरज लागते त्यांच्यासाठी ‘प्रोफाउंड ऑटिझम’ असं वेगळं नाव वापरावं, म्हणजे स्पेक्ट्रमच्या रुंदीत ती मुलं हरवणार नाहीत. पुष्कळ ऑटिस्टिक कार्यकर्त्यांना ही फाळणी वाटते. मला त्या बापाचं म्हणणं पटतं. आणि त्याच बापाने महिन्याभराने त्या बाईंना विचारलं, हात चावताना नेमकं काय वाटत असेल हो, आणि त्यांनी ज्या तऱ्हेने सांगितलं, तसं आम्ही कुणीच सांगू शकलो नसतो.

मुलाला लिफ्टचं वेड आहे. लिफ्ट दिसली की आकडे, आकडे दिसले की लिफ्ट. पहिल्या शाळेत हे वेड कमी करायला सांगितलं होतं. आता जिथे जातो तिथल्या विशेष शिक्षिकेने वजाबाकीच लिफ्टमध्ये घेतली: नवव्या मजल्यावरून चार मजले खाली आलो, कुठे पोचलो? मला पुन्हा डोनाल्ड आठवला. लहानपणी त्याला काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. तो मक्याच्या ओळी सारखा मोजत बसायचा, तेव्हा त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनर स्वतः तिथे जाऊन हे पाहून आला आणि त्याने ते 1971 साली नोंदवलं. डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, एकटा जगभर हिंडून आला आणि 2023 साली एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. त्याचं घर पैसेवाल्यांचं होतं, हे विसरून चालणार नाही. पण नांगराला पैसे लागले नव्हते.

‘आमच्यामागे काय’ हा प्रश्न मात्र लहान होत नाही. त्याचे कडेचे तुकडे पाडता येतात. त्याची औषधं, त्याच्या खुणा, तो घाबरल्यावर काय म्हणायचं, अकरावा मग कधीच नाही, हे सगळं एका वहीत लिहिलेलं आहे आणि ती वही कुठे आहे हे तिघांना ठाऊक आहे. कायदेशीर पालकत्वाची कागदपत्रं एका वकिलाकडे सुरू आहेत. एवढं झाल्यावरही मधला मोठा तुकडा तसाच उरतो आणि रात्री दोनच्या सुमारास तो दिसतो. त्यावर मला काही सुचलेलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही मुलाला त्याचं निदान सांगितलं. कधी सांगावं यावर आमच्यात खूप खल झाला. नवऱ्याचं म्हणणं, त्याला काय कळणार. माझं म्हणणं, त्याच्याबद्दलची गोष्ट सगळ्यांना माहीत आणि त्यालाच नाही, हे बरं दिसत नाही. आता तो टॅब्लेटवर वाक्यं टाइप करतो. मी सांगितलं: काही माणसांचा मेंदू आवाज जास्त ऐकतो, तोचतोपणा त्यांना बरा वाटतो, बोलणं त्यांना जड जातं. याला ऑटिझम म्हणतात. तुला ऑटिझम आहे. त्याने थोडा वेळ लिफ्टचं पुस्तक चाळलं. मग टाइप केलं, ‘बाबाला पण.’ प्रश्नचिन्ह नव्हतं.

नवरा हसला आणि उठून आत गेला. हे घरात पहिल्यांदा कुणी म्हणत नव्हतं. निदान झालं त्या आठवड्यात सासूबाई मला म्हणाल्या होत्या, ‘अगं, काही झालेलं नाहीये त्याला. याचा बापही लहानपणी अगदी असाच होता.’ त्यांनी ते निदान खोडून काढायला म्हटलं होतं. जुळ्यांचा तो अभ्यास वाचताना मला त्यांचं वाक्य वेगळंच ऐकू आलं, पण मी कुणाला काही बोलले नाही. जो माणूस शर्ट आणला की आधी कात्रीने लेबल काढतो, फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जातो आणि पाहुणे गेल्यावर तासभर अंधारात पडून राहतो, त्याला हे बायकोने सांगायचं नसतं.

आता त्याने स्वतःच एका मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेतली आहे. फॉर्ममध्ये विचारलंय, लहानपणीची माहिती देऊ शकेल असं घरात कुणी आहे का. प्रौढांच्या निदानात हे बहुतेक विचारतातच. सासूबाई गेले काही दिवस दुपारच्या चष्मा लावून लिहायला बसतात. कितव्या महिन्यात चालला, कडेवर घेतला की अंग कसं ताठ करायचा, शाळेत कुणाशी बोलायचा नाही पण आगगाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. काल मला हाक मारून त्यांनी विचारलं, ‘काय गं, तो पाच वर्षांचा होईपर्यंत केस झोपेतच कापायचे मी. हे लिहू का?’

मी म्हटलं, ‘आई, हे आधी लिहा.’